बनशंकरीतून दिसणारा ‘बंद’ जपान

बनशंकरीहून बसवनगुडीच्या दिशेने निघालं की ‘टाटा सिल्क फार्म’ नावाचा भाग लागतो. आज तिथे तुतीचं झाड औषधालाही सापडायचं नाही. घरं, दुकानं, दवाखाने आणि सिग्नलला खोळंबलेली वाहनं, एवढंच दिसतं. पण नाव खोटं नाही. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला जाऊन आले. म्हैसूर संस्थानात रेशीम टिपू सुलतानाच्या काळापासून होतं, हवाही रेशमाला मानवणारी होती, पण धंदा खालावला होता. पद्धत सुधारली तर तो पुन्हा उभा राहील, असं जमशेटजींच्या मनाने घेतलं. शेषाद्री अय्यर दिवाण असताना, एकोणिसावं शतक संपता संपता, त्यांनी इथे रेशीमशेती उभी केली आणि शिकवायला थेट जपानहून जाणकार आणले. पुढे ती साल्व्हेशन आर्मीकडे गेली, मग शहर वाढत आलं आणि तुती उपटली गेली.

याच परिसरातल्या सीबीएसई शाळांमध्ये अकरावीच्या मुलांना जपान शिकायला असतो. एनसीईआरटीच्या जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात चीन आणि जपान यांच्या आधुनिकीकरणावर एक प्रकरण आहे. तोकुगावा शोगुन, १८५३ मध्ये आलेला कमोडोर पेरी, मग मेइजी राजवट, असा त्याचा क्रम. परीक्षा संपल्यावर मुलांच्या डोक्यात त्यातलं बहुधा एकच वाक्य उरतं: जपान दोन-सव्वादोनशे वर्षं बंद होता, मग एक अमेरिकन आरमार घेऊन आला आणि त्याने दार उघडायला लावलं. हे वाक्य निम्मं खरं आणि निम्मं दिशाभूल करणारं आहे. ते दुरुस्त करायला टोकियोचं तिकीट लागत नाही. गावाचा, पेठेचा, तालुक्याचा इतिहास सांगणारं स्थानिक संग्रहालय त्यासाठी पुरतं. बंगळूरसारख्या शहरात तर अर्धं साहित्य रस्त्यावरच पडलेलं आहे. अडचण एकच आहे. स्थानिक इतिहास म्हणजे फक्त ‘आपला’ इतिहास, अशी आपल्या संग्रहालयांची समजूत आहे.

आधी ‘बंद’ म्हणजे नेमकं काय झालं, ते पाहायला हवं. तोकुगावा घराण्याने १६०३ मध्ये शोगुनपद, म्हणजे देशाची लष्करी सत्ता, घेतलं. १६३३ ते १६३९ या काळात हुकुमांमागून हुकूम निघाले. १६३५ च्या हुकुमाने जपानी माणसाला परदेशी जायची बंदी झाली. गेलेला परत आला तर देहदंड. १६३७ च्या अखेरीस शिमाबारा भागात करांनी आणि छळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. त्यात ख्रिस्ती झालेल्यांचा भरणा मोठा होता. हारा किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या या बंडखोरांवर शोगुनच्या माणसांच्या सांगण्यावरून एका डच जहाजानेही तोफा डागल्या. ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांवर! व्यापाराच्या परवान्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनी कुठवर जाऊ शकते, हे शोगुनला तेव्हा कळलं असावं. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमचं हाकललं गेलं. १६४० मध्ये मकावहून त्यांचं शिष्टमंडळ विनवणी करायला आलं, तेव्हा त्यातल्या ६१ जणांची नागासाकीत मुंडकी उडवली गेली. पुढच्याच वर्षी डचांना हिरादो बंदरातून उचलून नागासाकीच्या खाडीतल्या देजिमा या कृत्रिम बेटावर आणून बसवलं. पंख्याच्या आकाराचं हे बेट अगदीच लहान. पूल एकच आणि त्यावर पहारा.

इथवर ऐकणाऱ्याला दार बंद झाल्यासारखंच वाटेल. पण त्याच नागासाकीत चिनी व्यापारी डचांपेक्षा कितीतरी जास्त जहाजं घेऊन येत होते. त्सुशिमा बेटाच्या सरदारामार्फत कोरियाशी व्यवहार चालू होता, सात्सुमाच्या सरदारामार्फत ऱ्यूक्यू बेटांशी, तर उत्तरेला मात्सुमाए घराण्यामार्फत आइनू लोकांशी. १६०७ ते १८११ या काळात कोरियाची शिष्टमंडळं बारा वेळा जपानला आली, लवाजम्यासह, वाजतगाजत. रोनाल्ड टोबी आणि अरानो यासुनोरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९८० च्या दशकापासून ‘बंद जपान’ या चित्राला धक्के दिले ते याच पुराव्यांवर. चार दारं, प्रत्येक दारावर वेगळा राखणदार आणि कोण, किती, कशासाठी येणार याचा हिशोब ठेवणारी सत्ता, असा तो प्रकार होता.

सगळ्यात काटेकोर हिशोब होता तो रेशमाचा.

पोर्तुगीजांची नागासाकीतली श्रीमंती एका साध्या देवघेवीवर उभी होती. चीनचं कच्चं रेशीम आणायचं आणि जपानची चांदी न्यायची. पोर्तुगीज गेल्यावर हा व्यापार थांबला नाही, डच आणि चिनी जहाजांकडे गेला. चांदी मात्र बाहेर वाहतच राहिली. मग शोगुनच्या दरबाराने एकेक चाप लावायला सुरुवात केली. १६६८ मध्ये डचांना चांदी नेण्याची मनाई झाली. १६८५ मध्ये वर्षाला किती रकमेचा व्यापार करायचा यावर मर्यादा आली. १७१५ मध्ये अराई हाकुसेकी या विद्वान सल्लागाराच्या आग्रहाने डचांना वर्षाला दोन आणि चिन्यांना तीस जहाजांपुरतं बांधलं गेलं. त्याआधी दोनच वर्षं, १७१३ मध्ये, देशातलंच रेशीमसूत वापरायचा आदेश निघाला होता. हा आदेश अकरावीच्या त्या पाठ्यपुस्तकात, क्योतोच्या निशिजिन या विणकर वस्तीच्या चौकटीत, छापलेला आहे. मुलं चौकटी वाचत नाहीत. शिक्षकही बहुतेकदा ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून पान उलटतात.

आणि त्या चौकटीतच सगळी गोम आहे. बाहेरचं रेशीम आटलं तसं जपानी खेड्यांनी स्वतः तुती लावली. डोंगराळ, भाताला नालायक अशा जमिनीवर रेशीमकिडे पोसले जाऊ लागले. कोणत्या जातीचा किडा किती दिवसांत कोष करतो, अंडीपुंज थंडीत कसे जपायचे, पानं किती वेळा आणि किती कोवळी द्यायची, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलं आणि पुस्तकांत उतरलं. उएगाकी मोरिकुनी याने १८०३ मध्ये रेशीमशेतीचं एक सचित्र पुस्तक काढलं. देजिमावरचा वैद्य फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड याने ते युरोपात नेलं आणि १८४८ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर झालं. म्हणजे पेरीची जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागण्याच्या पाच वर्षं आधी फ्रान्समधले लोक ‘बंद’ देशाचं रेशीमशास्त्र वाचत होते. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं, त्या सुमारास युरोपात रेशीमकिड्यांच्या साथीने धंदा बुडत होता. जपानी अंडीपुंजांवर आणि रेशमावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडल्या. १८७२ मध्ये तोमिओकाला सरकारने यंत्रावर चालणारी रेशीम गिरणी काढली. जमशेटजींनी १८९३ मध्ये पाहिलेला जपान हा होता. त्यांना दिसलेल्या कसबाचा पाया त्या ‘बंद’ शतकांतच घातला गेला होता.

टाटा सिल्क फार्मचं मूळ १७१३ च्या आदेशात आहे, असं म्हणणं मात्र अती होईल. मध्ये मेइजी सरकारचा पैसा आहे, फ्रेंच यंत्रं आहेत, गिरण्यांमध्ये राबलेल्या हजारो मुलींचे हात आहेत. पण बनशंकरीच्या मुलाला दाखवण्यासारखा धागा इथे नक्की आहे आणि तो आजवर येऊन पोचतो. १९९१ पासून जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या मदतीने म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत पांढऱ्या कोषाच्या सुधारित जातींवर काम झालं. आज बीड, जालन्याकडचे शेतकरी ज्या पांढऱ्या कोषांचं पीक काढतात, त्यामागे हे काम आहे. जालन्याला २०१८ मध्ये कोष बाजार सुरू होईपर्यंत मराठवाड्यातले कितीतरी शेतकरी कोषांची पोती घेऊन रामनगरला यायचे. बंगळूरहून म्हैसूर रस्त्याने रामनगरला जाताना वाटेत बिडदी लागतं. तिथे किर्लोस्करांच्या भागीदारीतला टोयोटाचा कारखाना आहे. एका रस्त्यावर जपान दोनदा भेटतो, आणि दोन्ही वेळा मराठी माणूस जवळपास असतो.

आता संग्रहालयांकडे वळू. बंगळूरमध्ये त्यांची वाण नाही. कस्तुरबा रस्त्यावरचं सरकारी संग्रहालय १८६५ चं, दक्षिण भारतातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. मेयो हॉलमध्ये शहराच्या संस्थापकाच्या नावाचं केंपेगौडा संग्रहालय आहे. रामनगरजवळ एच. एल. नागेगौडांनी उभारलेलं ‘जानपद लोक’ आहे, लोकजीवनाच्या वस्तूंनी भरलेलं. शाळांच्या सहली तिथे जातातच. पण आपल्याकडे स्थानिक संग्रहालयात मुलांना फिरवण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे: हा अमुक राजा, ही त्याची तलवार, हा शिलालेख, पुढे चला. वस्तू राजाची साक्षीदार म्हणून उभी असते. ती कुठून आली, कोणी आणली, कोणत्या धातूची, कोणत्या धाग्याची, आणि तिच्या बदल्यात काय दिलं गेलं, हे प्रश्न तिला कोणी विचारत नाही.

एक तांब्याचं नाणं घ्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातल्या तांब्याच्या बाजारात जपानी तांब्याचा दबदबा होता. चांदीवर बंदी आल्यावर डच कंपनी देजिमाहून तांब्याच्या कांड्या भरभरून नेऊ लागली आणि त्यातला मोठा वाटा सुरत, कोरोमंडल किनारा आणि बंगाल इथे विकला जायचा. समोरच्या काचपेटीतलं नाणं जपानी तांब्याचंच आहे, असं शिक्षकाने ठोकून देऊ नये. ते प्रयोगशाळेचं काम. पण ‘या भागातला राजा तांबं आणायचा कुठून?’ हा प्रश्न विचारला की त्या काळातल्या समुद्राचा नकाशा आपोआप उलगडायला लागतो. उलट दिशेने जाणारा माल होता कापड. कोरोमंडलची छापील आणि चौकडीची सुती कापडं डचांच्या जहाजांतून नागासाकीला जात. हिकोनेच्या ‘ई’ या सरदार घराण्याने अशा कापडांचे साडेचारशे तुकडे जपून ठेवले होते. बहुतांश भारतीय असलेला तो संग्रह आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याच ई घराण्यातल्या नाओसुके याने १८५८ मध्ये सम्राटाची संमती न घेता अमेरिकेशी करार केला आणि १८६० मध्ये त्याबद्दल भर रस्त्यात प्राण गमावले. भारतीय छिटांचे तुकडे जपणारं घराणं आणि देश उघडणारा मंत्री एकाच वाड्यातले, हे पाठ्यपुस्तकात कुठून येणार? बंगळूरच्या जुन्या पेठांत देवांग विणकर होते, भावसार रंगारी होते, नामदेव शिंपी होते. त्यांचं कापड देजिमाला गेलं, असं म्हणायला आधार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. कापड रंगवणाऱ्या घरातल्या मुलाला सहा हजार किलोमीटरवरचा गिऱ्हाईक कसा विचार करत होता हे समजलं, तरी काम झालं.

स्थानिक संग्रहालयाने जपानचा हा काळ कसा शिकवावा, याचा उत्तम नमुना खुद्द जपानातच आहे, आणि तो टोकियोत नाही. हिरादो हे एक लहानसं बंदर. डचांनी तिथे १६३९ मध्ये एक मोठं दगडी गोदाम बांधलं आणि त्यावर इसवी सनाचा आकडा कोरला. शोगुनच्या अधिकाऱ्याने तो आकडा पाहिला. ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेलं वर्ष जपानी भूमीवर कोरलेलं चालणार नाही, असं फर्मान निघालं आणि नवंकोरं गोदाम पाडावं लागलं. २०११ मध्ये ते जुन्या जागी पुन्हा उभारून त्यात संग्रहालय केलं गेलं. ख्रिस्ती धर्माची भीती, व्यापाराची हाव, सत्तेचा धाक आणि परक्याची लाचारी, सगळं एका आकड्यात. हिरादोच्या मुलांना त्यासाठी वेगळा धडा लागत नसेल.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक इमारत यायला हवी: वेंगुर्ल्याची डच वखार. कंपनी तीच, काळही तोच. १६३७ च्या सुमारास डचांनी वेंगुर्ल्यात ठाणं मांडलं ते गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद पुरवायला. गोव्यात पोर्तुगीजांना कोंडणारे आणि नागासाकीत त्यांची जागा पटकावणारे लोक एकाच कंपनीचे नोकर होते. १६३७ मध्ये वेंगुर्ले, १६३८ मध्ये शिमाबाराच्या बंडात हारा किल्ल्यावर डच तोफा, १६३९ मध्ये पोर्तुगीजांची हकालपट्टी. गोव्याची उतरती कळा आणि जपानचे हुकूम ही एकाच झगड्याची दोन टोकं होती. वेंगुर्ल्याची वखार आज पडझडीत उभी आहे. हिरादोने पाडलेलं पुन्हा बांधलं. वेंगुर्ल्यात उभं असलेलं पडत चाललं आहे.

१६३८ हेच वर्ष बंगळूरच्या मराठी माणसाला आणखी एका कारणाने माहीत असतं. रणदुल्लाखानाने आदिलशाहीसाठी बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये त्या दरबाराचं वर्णन आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्या काळातला १६६९ चा एक शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित आहे. आणि १६६९ मध्येच जपानच्या उत्तरेला, आजच्या होक्काइदोत, शाकुशाइन या आइनू नायकाने मात्सुमाए घराण्याच्या व्यापारी जुलमाविरुद्ध उठाव केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि वर्गात हे स्पष्ट सांगायला हवं. सनावळीचा योगायोग मुलांना काळाचं भान देतो. मल्लेश्वरमच्या शिलालेखासमोर उभं राहून ‘याच वर्षी जपानात काय चाललं होतं?’ असं विचारलं तर एक बिंदू पक्का होतो. पण योगायोगाला कार्यकारण समजणं हा स्थानिक इतिहासाचा जुना रोग आहे. प्रत्येक गावाला आपण जगाच्या मध्यावर आहोत असं सिद्ध करायचं असतं. १६३९ मध्ये पोर्तुगीज जपानमधून गेले आणि बरोबर शंभर वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे ऐकायला झकास वाटतं. त्यातून सिद्ध मात्र काहीच होत नाही.

वसईचा खरा धागा वेगळा आहे आणि तो एका माणसाचा आहे. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा मुलगा. तरुणपणी जेसुइटांसोबत जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमाने नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं गेलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. निशिझाकाच्या स्मारकावर आणि त्याला जोडलेल्या संग्रहालयात हा वसईकर आहे. वसईत त्याच्या नावाचं चर्च आणि कॉलेजही आहे. जपानच्या बंदिस्त काळाची सुरुवात ज्या भीतीतून झाली, ती समजावून सांगायला वसईच्या शिक्षकाला याहून जवळचा माणूस मिळणार नाही. गोव्यातल्या शिक्षकाला चार मुलं मिळतील. वालिग्नानो या जेसुइटाने १५८२ मध्ये युरोपला धाडलेले चार जपानी कुमार जाताना आणि येताना गोव्यात थांबले होते. त्यांतल्या हारा मार्तिन्योचं भाषण १५८८ मध्ये गोव्यात छापलंही गेलं. पुढे एक लवकर वारला, एकाने धर्म सोडला, हारा मकावला हद्दपारीत मेला आणि नाकाउरा जुलियाओला १६३३ मध्ये नागासाकीत हाल करून मारलं गेलं. पहिला हुकूम निघाला तेच हे वर्ष. चार आयुष्यांत सगळा काळ येतो.

तुलनेचं सर्वांत धारदार हत्यार मात्र मराठीतच पडून आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल, जे सांगितलं आहे, ते वाचताना देजिमाची आठवण न येणं कठीण आहे. सावकार ही राज्याची शोभा, पण इंग्रज, पोर्तुगीज, वलंदेज (म्हणजे डच), फरासीस हे साधे सावकार नव्हेत. त्यांच्यामागे राजे आहेत आणि जमीन मिळवण्याची हाव आहे. व्यापारापुरतं येऊ द्यावं, वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी किंवा गडाजवळ देऊ नये, मजबूत बांधकाम करू देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. अराई हाकुसेकी एदो या शोगुनच्या राजधानीत जहाजांची संख्या ठरवत होता, त्याच सुमारास अमात्य पन्हाळ्याच्या बाजूला हा विचार मांडत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. प्रश्न मात्र एकच होता: तोफा बाळगणाऱ्या व्यापाऱ्याला दारात किती उभं करायचं? एदोकडे एकसंध सत्ता होती, त्यामुळे उत्तर बेटाच्या रूपात बांधता आलं. मराठी राज्य तेव्हा सातारा आणि कोल्हापूर असं दुभंगलेलं होतं. सल्ला कागदावर राहिला. ही तुलना वर्गात झाली तर ‘जपानी लोक भित्रे म्हणून बंद झाले’ किंवा ‘शहाणे म्हणून वाचले’ असली उत्तरं मुलं देणार नाहीत. धोरण आणि ते राबवण्याची ताकद यांतला फरक त्यांना दिसेल.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. संग्रहालय हे मुळातच आलेल्या वस्तूंचं घर असतं. जे अडवलं गेलं ते तिथे दिसत नाही. रेशीम, तांबं, छिटं यांच्या गोष्टी सांगत राहिलं तर मुलांना वाटेल की जपान बंद नव्हताच, सगळं छान चाललं होतं. इतिहासकारांनी जुनं चित्र मोडलं हे खरं, पण त्या मोडतोडीचा उत्साह वर्गात गेला की दुसरं टोक गाठलं जातं. सामान्य जपानी कोळ्याच्या दृष्टीने देश खरोखरच बंद होता. दाइकोकुया कोदायू हा नावाडी वादळात भरकटून रशियाच्या हद्दीत पोचला, सेंट पीटर्सबर्गपर्यंत जाऊन राणी कॅथरीनला भेटला आणि १७९२ मध्ये परतला, तेव्हा सरकारने त्याची कसून जबानी घेतली आणि उरलेलं आयुष्य त्याला एदोत नजरेखाली काढावं लागलं. येशूची किंवा मेरीची प्रतिमा पायाखाली तुडवून आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्या झिजलेल्या पाट्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावरून गेलेल्या माणसांच्या मनात काय होतं, ते कोणत्या काचपेटीत ठेवणार? म्हणून जपान शिकवणाऱ्या स्थानिक संग्रहालयाने एक पेटी मुद्दाम रिकामी ठेवावी आणि खाली चिठ्ठी लावावी: या काळात या गावातून कोण बाहेर जाऊ शकत नव्हतं? समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकले जाणारे लोक आपल्याकडेही होते. फरक एवढाच की तिकडे हुकूम शोगुनचा होता, इकडे जातीचा. हा प्रश्न अवघड जाईल, कदाचित पालकांची तक्रारही येईल. तरी तो विचारला पाहिजे, कारण नाहीतर ‘बंद देश’ ही फक्त दुसऱ्यांची गोष्ट राहते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. बरोबर आहे. पण जपानचं प्रकरण शिकवायला जे तास मिळतात, त्यांतला एक काचपेटीसमोर घालवला तर बाकीचे तास हलके होतात. कोष करण्यासाठी किडे ज्यावर सोडतात ती चंद्रिका हातात घेऊन निशिजिनची चौकट वाचली की ती पाठ करावी लागत नाही. रामनगरचा कोष बाजार आणि जानपद लोक एका दिवसात होतात. सरकारी संग्रहालयात नाण्यांचं दालन पाहायला तासभर पुरतो. संग्रहालयांनीही फार खर्च करायची गरज नाही. वस्तूच्या खाली राजाच्या नावासोबत धातू किंवा धागा कुठून आला असावा आणि त्याच वर्षी जगात कुठे काय चाललं होतं, या दोन ओळी कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहिल्या तरी सुरुवात होईल. बंगळूरच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत दरवर्षी शहाजीराजांच्या जहागिरीवरच समाधान न मानता असा एखादा विषय ठेवावा आणि मुलांना घेऊन तो रस्त्यावर, बाजारात, संग्रहालयात जाऊन शिकवावा.

आणि महाराष्ट्राने वेंगुर्ल्याच्या वखारीकडे पाहावं. हिरादोच्या गोदामाची बहीण म्हणता येईल अशी ही इमारत अजून भिंतींसकट उभी आहे. तिची डागडुजी, आत एक छोटं प्रदर्शन, गोवा, नागासाकी आणि वेंगुर्ले एका रेषेत दाखवणारा एक नकाशा आणि ‘आज्ञापत्रा’तला टोपीकरांवरचा मजकूर, एवढं झालं तरी सिंधुदुर्गातल्या प्रत्येक शाळेला जपान शिकवायची जागा मिळेल. पुरातत्त्व खात्याने आणि वेंगुर्ले नगरपरिषदेने हे काम एकत्र हाती घ्यावं, आणि दोनचार पावसाळ्यांच्या आत घ्यावं.